पाण्याला उशीर करा: आवारातलं पावसाचं पाणी आवरण्याच्या युक्त्या

मला लोक बोलावतात ते कोरड्या दिवशी. आवारात उभं राहून बोटानं दाखवतात, पाणी इथून येतं, इथं तुंबतं, तेव्हा इथून तिथपर्यंत मोठा पाइप टाकून द्या. मी ऐकून घेते आणि सांगते, पुढचा जोराचा पाऊस सुरू झाला की फोन करा, मी छत्री घेऊन येते. निचऱ्याच्या कामात मला वीस वर्षं झाली. पावसात उभं न राहता जी कामं केली, त्यातली बरीच पुन्हा जाऊन उकरावी लागली आहेत.

भर पावसात बघायच्या गोष्टी अशा. छपराचं पाणी नेमकं कुठे आपटतं. पाणी कोणत्या जागेपर्यंत नितळ असतं आणि कुठून गढूळ व्हायला लागतं, कारण जिथून ते लाल-काळं होतं तिथून माती सुटायला लागली. कुठे ते पसरून चालतं आणि कुठे एकत्र येऊन ओघळ धरतं. आपल्या हद्दीत कुठून शिरतं, कुठून बाहेर पडतं. या प्रत्येक जागी एक खुंटी ठोका. पहिल्या वर्षी मी चुन्याच्या फक्कीनं खुणा करायला गेले होते, तीही भर पावसात. आमचे मुकादम काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी खुंट्यांची मोळी घेऊन आले. पाऊस ओसरल्यावर आणखी एक चक्कर मारा. पाला, काड्या, थर्माकोलचे मणी जिथे रेघ धरून अडकलेले दिसतील, ती पाण्याची कमाल पातळी. ती रेघ खोटं बोलत नाही.

मग मोठा पाइप का नको? कारण पाइप पाणी कमी करत नाही, ते घाईनं पुढे ढकलतो. मातीवर पडलेलं पाणी रेंगाळत जातं, थोडं मुरतं, थोडं खळग्यांत थांबतं. त्याच जागेवर फरशी आली की सगळं पाणी एकदम निघतं आणि खालच्या टोकाला एकाच वेळी पोचतं. पूर येतो तो या एकदम पोचण्यामुळे. म्हणून या लेखातल्या प्रत्येक युक्तीचं काम एकच आहे, पाण्याला उशीर करणं. कोणतीही युक्ती करायला घेण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. यात गाळ कुठे बसणार? आणि हे भरल्यावर जास्तीचं पाणी कुठून जाणार? ज्याला या दोन्हींची उत्तरं नाहीत ते काम मी सुरू करत नाही.

आधी हिशोब

हिशोब अवघड नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. समजा छप्पर १२० चौरस मीटरचं आहे आणि तासाला ४० मिलिमीटर या जोरानं पाऊस पडतोय. १२० गुणिले ४० म्हणजे ४,८०० लिटर. छपरावर थोडं ओलाव्यात, थोडं उडण्यात जातं, म्हणून ०.९ नं गुणायचं, राहिले ४,३२० लिटर. तासाचे सेकंद ३,६००, म्हणजे सेकंदाला १.२ लिटर. पंधरा लिटरची बादली दर बारा-तेरा सेकंदांना भरेल. लोकांना लिटर सांगून काही होत नाही, ही बादली सांगितली की डोळे मोठे होतात.

यातला ०.९ हा आकडा पृष्ठभागानुसार बदलतो. काँक्रीट-डांबराला ०.८ ते ०.९५, रेताड जमिनीवरच्या गवताला ०.१ च्या आसपास, चिकण मातीवरच्या उताराच्या गवताला ०.३ पर्यंत. म्हणजे तोच पाऊस, तेवढीच जागा, आणि फरशीवरून गवतापेक्षा कितीतरी पट पाणी निघतं. पुस्तकात या वाहून जाणाऱ्या पाण्याला अपधाव म्हणतात, साइटवर तो शब्द मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पृष्ठभागाचा आकडा, पावसाचा जोर आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार करायची ही रीत आयरिश इंजिनिअर थॉमस मलव्हनी यांनी १८५१ मध्ये मांडली. लहान आवारांसाठी ती आजही पुरते. मोठ्या पाणलोटाला नाही, तिथे जाणकाराकडून रीतसर अभ्यास करून घ्या.

एक सावधगिरी. तासाला ४० मिलिमीटर म्हणजे साठ मिनिटं सारखाच पाऊस असं होत नाही. त्यातली दहा मिनिटं फार जोराची असतात. पन्हळ आणि नाल्या त्या दहा मिनिटांसाठी मापायच्या, साठवणाच्या जागा पूर्ण पावसासाठी.

वरून खाली या

काम नेहमी पाण्याच्या उगमाकडून सुरू करायचं. सगळ्यात वर छप्पर. छपराचा उभा पाइप थेट गटाराला जोडलेला असेल तर तो तोडून पाणी गवतावर सोडणं ही सगळ्यात कमी खटपटीची युक्ती. पाइपाच्या तोंडाखाली पसरट दगड किंवा काँक्रीटची थाळी ठेवा, नाहीतर पाणी तिथेच खड्डा पाडतं. पाणी पायापासून लांब वाहील असा उतार हवा. आणि एक लक्षात ठेवा, पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनीत कधीही सोडायचं नाही. मोठ्या पावसात ती लाइन भरते आणि मैला सगळ्यात खालच्या न्हाणीतून वर येतो. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

टाकीत साठवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पहिल्या सरीबरोबर छपरावरची धूळ, विष्ठा, पाला येतो. तो वळवायला पहिल्या अर्ध्या ते दोन मिलिमीटरचं पाणी बाजूला काढायचं. शंभर चौरस मीटर छपराला अर्धा मिलिमीटर म्हणजे ५० लिटर. उभ्या पाइपाचा एक बंद फाटा आणि त्यात तरंगणारा चेंडू, एवढंच ते यंत्र. फाटा भरला की चेंडू तोंड बंद करतो आणि पुढचं स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. फाट्याच्या तळाला बारीक थेंबनळी ठेवा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत तो आपोआप रिकामा होतो.

पण टाकी बसवली म्हणजे वाहणारं पाणी आवरलं असं समजू नका. साठवणाऱ्याला टाकी भरलेली हवी असते आणि पूर आवरणाऱ्याला रिकामी. भरलेल्या टाकीवर पडलेला पाऊस जसाच्या तसा बाहेर जातो. दोन्ही हवं असेल तर टाकीच्या वरच्या एक तृतीयांश भागाला बारीक छिद्राची नळी लावा. तो भाग एखाद्या दिवसात हळूहळू रिकामा होतो, खालचं पाणी वापरायला उरतं.

माती पिते का, हे मातीलाच विचारा

आता माझी एक चूक सांगते. एका आवारात पाणी मुरवण्यासाठी खोलगट बाग करायची होती, म्हणजे सपाटीपासून वीतभर खाली घेतलेला वाफा, ज्यात छपराचं आणि वाटेचं पाणी येऊन थांबतं, झाडांच्या मुळाशी मुरतं. १९९० च्या सुमारास अमेरिकेत मेरीलंडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत अशा बागा घराघरांपुढे करायला सुरुवात झाली, आता जगभर करतात. मी कोरड्या दिवसांत खड्डा घेतला, पाणी ओतलं, वीस मिनिटांत खड्डा कोरडा. मी खूश. वहीत लिहिलं, “उत्तम निचरा.” बाग केली, रोपं लावली. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी सहा दिवस उभं. सातव्या दिवशी वाकून पाहिलं तर पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

झालं होतं ते असं. ती भेगाळणारी चिकण माती होती. माझं पाणी मातीनं प्यायलं नव्हतं, ते भेगांतून खाली पळालं होतं. ओली झाली की ही माती फुगते, भेगा मिटतात आणि मग ती पाण्याला दाद देत नाही. भिजवून पुन्हा मोजलं तेव्हा तासाभरात पाण्याची पातळी जेमतेम हलली होती.

तेव्हापासून चाचणी अशी करते. बागेचा किंवा शोषखड्ड्याचा तळ जिथे येणार तेवढं खोल जायचं, तिथे फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा. कुदळीनं चोपडी झालेली बाजू खिळ्यांच्या फळीनं किंवा गंजक्या करवतीनं खरवडायची, कारण चिकण माती पात्यानं लिंपली जाते आणि भोकं बुजतात. तळाला दोन बोटं बारीक खडी, म्हणजे पाणी ओतताना गढूळ होत नाही. खड्डा काठोकाठ भरायचा आणि रात्रभर सोडायचा. सकाळी पुन्हा सुमारे १५ सेंटिमीटर पाणी भरायचं, मधोमध पट्टी रोवायची, काठावर आडवी काठी ठेवून तिच्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर अर्ध्या तासाला लिहायचं. पहिले आकडे मोठे येतात, त्यांच्यावर भाळू नका. दोन-तीन आकडे लागोपाठ सारखे आले की तो खरा वेग.

तासाला २५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर निर्धास्त मुरवा. १२ ते २५ असेल तर जागा मोठी घ्या. १२ च्या खाली असेल तर मुरवण्याचा नाद सोडा, किंवा तळाला भोकांची नळी टाकून पाणी हळूहळू बाहेर काढा. नळी टाकलीत तर भोकं खालच्या बाजूला ठेवा. सगळ्यांना ती वर हवीत असं वाटतं. खाली ठेवली की पाणी खडीत चढून तळातून शांतपणे नळीत येतं, माती सोबत येत नाही.

बागेचं उरलेलं थोडक्यात. घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब. मैल्याच्या टाकीवर नको, मोठ्या झाडाच्या मुळांत नको. खोली १५ ते २० सेंटिमीटर, तळ सपाट. पाणी दोन दिवसांत गेलंच पाहिजे. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, म्हणून तीन दिवसांपलीकडे पाणी राहता कामा नये. मातीत निम्म्याहून जास्त वाळू, बाकी कुजलेलं खत आणि मूळची माती. झाडं अशी हवीत जी दोन दिवस पाय भिजवून उभी राहतील आणि नंतर महिनाभर कोरडीही काढतील.

पाणी आत येण्याच्या तोंडावर मी जास्त वेळ घालवते. कडेचा दगड हातभर तोडायचा आणि त्याच्या लगेच आत पातळी दोन इंच खाली उतरवायची, तिथे हाताएवढे दगड बसवायचे. ही दोन इंचांची पायरी नसेल तर गाळ तोंडातच साचतो, गवत त्यावर चढतं आणि पाणी बागेला वळसा घालून रस्त्यानं निघून जातं. बाग कोरडी, रस्ता ओला, आणि मालकाला कळतच नाही काय बिघडलं. बाहेर पडायचं तोंड दुसऱ्या टोकाला, तळापासून वीतभर वर, दगडांनी मजबूत केलेलं. हा सांडवा. तो नसेल तर पाणी स्वतःचा सांडवा स्वतः पाडतं, आणि बहुधा नेमका भिंतीच्या बाजूला.

शोषखड्डा आणि फरशी

शोषखड्ड्याबद्दल लोकांच्या कल्पना फार मोठ्या असतात. खड्डा घेतला, दगड भरले, आता कितीही पाणी सोडा. हिशोब करून बघू. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, १.२ मीटर खोल, म्हणजे ३.६ घनमीटर. दगडांमधल्या पोकळ्या ढोबळमानानं ४० टक्के. पाणी मावलं १,४४० लिटर. वरच्या हिशोबातल्या छपराचं एका तासाचं पाणी ४,३२० लिटर आहे, म्हणजे एक तृतीयांशच मावलं. आणि माती तासाला २० मिलिमीटर पिणारी असली तरी तळ आणि अर्ध्या भिंती मिळून तासाला दीडशे लिटरच्या आतच मुरतं. म्हणजे भरलेला खड्डा रिकामा व्हायला दहा तास. लागोपाठ दोन सरी आल्या तर दुसरी पूर्ण बाहेर. म्हणून इथेही सांडवा लागतो, आणि म्हणून शोषखड्डा एकटा पुरत नाही, वरती बाग, गवत, फरशी असं सगळं मिळून पुरतं.

खड्ड्याआधी गाळचेंबर हवंच. साधं चौकोनी चेंबर, बाहेर जाणारा पाइप तळापासून दीड-दोन फूट वर. गाळ तळाला बसतो. बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूनं खाली तोंड केलेला एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा जोड, लावा, म्हणजे तरंगणारा पाला, प्लॅस्टिक, गाडीखालचं तेल वरच अडकून राहतं आणि पाणी खालून निघतं. एवढ्याशा एल्बोनं खड्ड्याचं आयुष्य किती वाढतं ते मी दोन शेजारच्या खड्ड्यांत पाहिलंय. एल्बो नसलेला तीन पावसाळ्यांत बसला. दगडांभोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, गुंडाळा, भूजल खड्ड्याच्या तळापासून निदान मीटरभर खाली असल्याची खात्री करा, आणि इमारतीच्या पायापासून पाच मीटर सोडा.

पाणी झिरपणारी फरशी दोन प्रकारची. एक, वाळूविरहित काँक्रीट, जे चिक्कीसारखं सच्छिद्र दिसतं. दुसरी, रुंद सांध्यांचे ब्लॉक. ब्लॉकच्या सांध्यांत वाळू भरायची नाही, २ ते ६ मिलिमीटरची कच भरायची. खाली बारीक मुरूम दाबायचा नाही, २० ते ४० मिलिमीटरची धुतलेली खडी. खरं पाणी त्या खडीत थांबतं, फरशी नुसती जाळी आहे. बादलीभर पाणी ओतून बघा, ओतल्या जागी गेलं पाहिजे. पाणी पसरायला लागलं की समजा भोकं बुजली. एका ठिकाणी आम्ही नवी फरशी देऊन आलो आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कामाच्या गवंड्यानं तिच्यावर सिमेंटचा माल कालवला. चार चौरस मीटर फरशी कायमची गेली. आता मी काम संपवते ते फरशीवर ताडपत्री टाकून, आणि ती कुणी उचलायची नाही हे मालकाला तोंडावर सांगून.

उतारावर

उतारावर पाण्याचा वेग हाच शत्रू. वेग दुप्पट झाला की पाणी चौसष्ट पट वजनाचा दगड ढकलू शकतं, असा जलशास्त्रातला जुना नियम आहे. म्हणून उतारावर पाण्याला धावण्याइतकी मोकळी पळपट्टी मिळू द्यायची नाही.

ओघळ पडलेला असेल तर त्यात अनगड दगडांचे छोटे बांध घाला. अंतर ठरवायची रीत अशी, की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. उंची भागिले उतार. शंभर मीटरला पाच मीटर उतार असेल आणि बांध अर्धा मीटर उंच, तर ०.५ भागिले ०.०५, अंतर दहा मीटर. बांधाचा माथा सपाट ठेवू नका. माझे पहिले तीन बांध सपाट होते, दिसायला सुरेख. पाणी माथ्यावरून जायच्या ऐवजी दोन्ही कडांनी माती कापून गेलं आणि बांध बेटासारखे मधे उरले. मुकादम म्हणाले, “ताई, बांधाला खोगीर पाहिजे.” मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली, आणि दोन्ही टोकं काठाच्या मातीत आत रुतवलेली. पायथ्याशी, जिथे पाणी पडतं, तिथे आणखी दगड.

मोकळ्या उतारावर समतल रेषेत चर काढा, किंवा गवताच्या ओळी लावा. वाळा यात फार चिवट, मुळं सरळ खाली जातात आणि दाट ओळ पाणी गाळून सोडते. समतल रेषा डोळ्यानं कधीच काढू नका, डोळा फसतो. पंधरा मीटरची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, दोन काठ्यांना टोकं बांधा, काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर मोजमाप खोटं, म्हणून आधी नळी उन्हात धरून टोकापासून टोकापर्यंत बघायची, टिचक्या मारून बुडबुडे काढायचे. एकानं खुंटीवर उभं राहायचं, दुसऱ्यानं वर-खाली सरकत दोन्हीकडचं पाणी सारख्या खुणेवर आणायचं. तिथे खुंटी. नळीचं तोंड अंगठ्यानं बंद ठेवून चालायचं, मोजताना दोघांनीही अंगठा काढायचा. हे विसरून आम्ही एकदा अर्धा दिवस चुकीची रेषा आखली.

गवताची रुंद, उथळ नाली हीसुद्धा चांगली युक्ती. बाजूंचा उतार तीनास एक, म्हणजे तीन हात आडवं गेलं की एक हात खाली, तळ सपाट, लांबीचा उतार शंभरात एक ते चार. गवत चार बोटं ठेवा, खरवडून कापू नका.

अडवा आणि भोकातून सोडा

माती पीत नसेल तर साठवून हळू सोडणं उरतं. उथळ तळं, जमिनीखालची टाकी, वाहनतळाखालचे मोठे पाइप, काहीही चालेल. तोकियोजवळ २००६ मध्ये पूर्ण झालेलं जमिनीखालचं पूरवाहिनीचं काम ६.३ किलोमीटर लांबीचं आहे, तत्त्व तिथेही अडवून मग सोडण्याचंच. कळीची गोष्ट असते बाहेर जाणारं भोक.

भोकातून किती पाणी जाईल हे त्याच्या क्षेत्रफळावर आणि वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतं. ५० मिलिमीटरचं भोक, वर एक मीटर पाणी, तर सेकंदाला साधारण ५ लिटर. पाणी अर्ध्या मीटरवर आलं की ३.७ लिटर. भोक १०० मिलिमीटर केलं तर एक मीटरला थेट २१ लिटर. भोक दुप्पट, पाणी चौपट. म्हणून “जरा मोठं भोक ठेवू या, तुंबायला नको” असं म्हणणाऱ्याच्या हातात ड्रिल देऊ नका.

आता समजा १,००० चौरस मीटर फरशी आहे आणि तासभर ४० मिलिमीटर पाऊस. ०.९ धरून पाणी ३६ घनमीटर. भोकातून सरासरी सेकंदाला साडेतीन लिटर गेलं तर तासात १२.६ घनमीटर बाहेर. साठवायला उरलं सुमारे २३ घनमीटर. एक मीटर खोल खळगा असेल तर २३ चौरस मीटर जागा, बाजूंना उतार दिले की आणखी थोडी. हा कच्चा हिशोब आहे, पण जागा पुरेल की नाही हे अर्ध्या तासात सांगतो.

लहान भोक तुंबतं ही तक्रार मात्र खरी. भोकापुढे जाळी हवी, जाळीची मोकळी जागा भोकाच्या निदान दहापट, आणि जाळी तिरकी, म्हणजे पाला वर सरकतो. भोक खाली तोंड केलेल्या एल्बोत ठेवलं की तरंगणाऱ्या पिशव्या त्यात शिरत नाहीत. मोठ्या कामांत भोवऱ्याचं यंत्र वापरतात. त्यात पाणी कडेनं शिरून गरगर फिरतं, मधे हवेचा गाभा धरतो आणि तोच बाहेरच्या वाटेला आवळतो. हलणारा एकही भाग नाही. तेवढ्याच पाण्याला त्याचं तोंड साध्या भोकापेक्षा मोठं असतं, म्हणून कमी तुंबतं.

साठवणीच्या काठावर सांडवा, आणि सांडव्याची पातळी काठापेक्षा निदान फूटभर खाली. मुलं येण्याची शक्यता असेल तर बाजू उभ्या ठेवू नका, चालत वर येता येईल एवढ्या सपाट ठेवा. आणि तुंबलेलं भोक मोकळं करायला भरल्या पाण्यात कुणी उतरायचं नाही. ओढ लागते, हातपाय अडकतात. लांब आकड्याची काठी काठावर बांधून ठेवा.

काम चालू असतानाचा गाळ

बांधकाम चालू असताना जितकी माती वाहते तितकी नंतर कित्येक वर्षांत वाहत नाही. म्हणून बाग, शोषखड्डा, झिरपती फरशी ही कामं सगळ्यात शेवटी करा, तोवर ती जागा दोरी लावून राखा, कारण ट्रक एकदा फिरला की माती दाबली जाते आणि पुन्हा पीत नाही.

तात्पुरती सोय म्हणून गाळकापड लावतात. खुंट्यांना कापड बांधून उभं करणं पुरेसं नाही, खालची १५ सेंटिमीटर कडा चरात गाडून वर माती दाबायला हवी, नाहीतर पाणी खालून निघतं. कापड समतल रेषेत लावायचं आणि दोन्ही टोकं चढाकडे वळवायची. वाहत्या ओघळात आडवं लावू नका, ते आडवं झोपतं. तिथे दगडी बांधच. कापडामागे गाळ एक तृतीयांश उंचीवर आला की काढायचा.

मर्यादा

२० जुलै २०२१ ला चीनमधल्या झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. शहराला स्पंजासारखं पाणी प्यायला लावायच्या योजनेतली कामं तिथे झाली होती, तरी शहर बुडालं. ती कामं वाया गेली असं मी म्हणत नाही, ती त्या पावसासाठी मापलेलीच नव्हती. तुमची बाग आणि तुमचा खड्डाही कुठल्यातरी पावसाला भरणारच. त्या दिवशी पाणी कुठून जाईल ती वाट आजच कागदावर रेघ मारून ठरवा. वाट दारातून, विजेच्या खोलीतून किंवा शेजाऱ्याच्या भिंतीवरून जात असेल तर उतार बदला. शेजाऱ्याच्या हद्दीत आधीपेक्षा जास्त किंवा एकवटलेलं पाणी सोडू नका, त्यातून होणारी भांडणं पाण्यापेक्षा जास्त दिवस टिकतात.

राखण

पावसाळ्याआधी गाळचेंबर उपसा. गाळ पाइपाच्या खालच्या कडेपर्यंतच्या खोलीच्या निम्म्यावर आला की वाट न बघता पुन्हा उपसा. चेंबरात उतरायची गरज पडू नये असा लांब दांड्याचा फावडा ठेवा. खोल, बंद चेंबरात कुणालाही उतरवू नका, आत वायू असतो. पन्हळी साफ. झिरपती फरशी वर्षातून दोनदा जोरदार झाडून घ्या, शक्य असेल तर व्हॅक्यूमनं. बागेतल्या तोंडापाशी साचलेला गाळ खुरप्यानं काढा, तो दोन इंचांचा खळगा परत दिसला पाहिजे.

आणि बागेत एक रंगवलेली काठी रोवून ठेवा. पहिला मोठा पाऊस थांबला की वेळ आणि पाणी किती खुणेपर्यंत आहे ते लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुढच्या वर्षी तेच करा. पहिल्या वर्षी पाणी तीस तासांत गेलं आणि चौथ्या वर्षी साठ तास लागले, तर वरचा बोटभर गाळाचा थर खरवडून काढायची वेळ झाली. माझ्याकडे अशा नोंदींची एक जुनी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर अजून ते “उत्तम निचरा” लिहिलेलं आहे. मी ते खोडलेलं नाही.